एमबीएच्या पोरांना ऑपरेशन्स आणि सप्लाय चेन पहिल्यांदा शिकवायचंय, सुरुवात कुठून करू?

सागरवेळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत असते, आधी पुण्यात गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत परचेसला होते, आता इथल्या एका मॅनेजमेंट कॉलेजने एमबीए पहिल्या वर्षाला ऑपरेशन्स (माल किंवा सेवा तयार करण्याचं काम सांभाळणं) आणि सप्लाय चेन (कच्च्या मालापासून गिऱ्हाईकापर्यंतची साखळी) ह्यांचा पेपर शिकवायला बोलावलंय. वर्गात निम्म्याहून जास्त बीकॉम, काही बीएमएस, काही बीएस्सी, इंजिनियर अगदी थोडे. सगळ्यांना फायनान्स नाहीतर मार्केटिंगच घ्यायचंय. ऑपरेशन्स म्हणजे हाताला ऑइल लागलेल्या लोकांचा विषय, आपला काय संबंध, असं पोरांचं ठाम मत आहे आणि ते तोंडावर सांगतातही.

आधीच्या सरांच्या नोट्स मिळाल्यात. पहिलं लेक्चर व्याख्या, दुसरं इतिहास, म्हणजे १९१३ ला फोर्डची हलती असेंब्ली लाइन, मग टोयोटा, मग १९८२ ला कीथ ऑलिव्हर नावाच्या कन्सल्टंटने सप्लाय चेन मॅनेजमेंट हे नाव रूढ केलं वगैरे वगैरे. खोटं काहीच नाही त्यात, पण वाचताना मलाच जांभया आल्या तर दुपारी जेवून आलेल्या पोरांचं काय होणार.

तर पहिल्या चार-पाच तासांत काय करावं की विषय डोक्यात बसेल? उदाहरणं इकडची द्या, कोकणातली. एक विनंती, डबेवाले आणि त्यांची सिक्स सिग्मा, म्हणजे जवळपास शून्य चुकांची गोष्ट नको, ते सगळ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून झालंय.

खाडीपलीकडे

वाचतोय. चांगला धागा.

लोटेकर

ताई, मी लोट्याला एमआयडीसीत प्लॅनिंगला आहे, केमिकलचं युनिट. दरवर्षी ट्रेनी येतात त्यांना मी व्याख्या बिख्या सांगत नाही. एक ड्रम दाखवतो आणि म्हणतो ह्याच्या मागे मागे जा. कच्चा माल गेटमधून आत आला तेव्हापासून तयार ड्रम गेटबाहेर पडेपर्यंत काय काय झालं ते वहीत लिहायचं, दोनच रकाने, एकात काम चालू होतं तो वेळ आणि दुसऱ्यात नुसतं पडून होतं तो वेळ. संध्याकाळी पोरं येतात तेव्हा चेहरे बघण्यासारखे असतात, कारण रिअ‍ॅक्टरमध्ये माल असतो जेमतेम अर्धा-पाऊण दिवस आणि गेटबाहेर पडायला लागतो आठवडा. मधला सगळा वेळ क्यूसीच्या (गुणवत्ता तपासणीच्या) रिपोर्टची वाट, रिकाम्या ड्रमची वाट, सहीची वाट, ट्रकची वाट. ऑपरेशन्स म्हणजे मशीन असं वाटणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळतं की मशीन हा त्यातला सगळ्यात छोटा भाग आहे.

तुमच्याकडे तर मिरकरवाडा बंदर आहे हाकेच्या अंतरावर. एक ग्रुप सुरमईच्या मागे पाठवा, बोटीतून उतरली, लिलाव झाला, बर्फात गेली, टेम्पोत गेली, हॉटेलात गेली, ताटात आली. दुसरा ग्रुप एसटी स्टँडवर, तिसरा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या मागे. तेच दोन रकाने. ‘हा विषय कारखान्याचा आहे’ हे मत तिथेच गळून पडेल, तुम्हाला भाषण द्यायला लागणार नाही.

आणि मग लगेच, त्याच आठवड्यात, लिटलचा नियम सांगा. १९६१ ला जॉन लिटलने सिद्ध केलेला. आत अडकलेला माल = माल येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा वेळ. बस एवढंच. बीकॉमच्या पोरालाही येतं आणि एकदा आलं की तो जगाकडे तसंच बघायला लागतो.

हापूसवाला

लोटेकरांच्या नियमाला माझं उदाहरण घ्या. आंब्याच्या व्यापाऱ्याकडे रोज २०० क्रेट येतात आणि पिकायला ८ दिवस लागतात समजा, तर आढी लावायला १६०० क्रेटची जागा पाहिजे. जागा १२०० चीच असली तर दोनच गोष्टी होऊ शकतात, एकतर आवक कमी करा नाहीतर लवकर पिकवा. हे गणित न करता आवक घेत राहणारे लोक मग कार्बाइडकडे वळतात, त्याच्यावर बंदी आहे तरी. सगळं लबाडीतूनच होतं असं नाही, बऱ्याचदा जागेचा हिशोब आधी केलेला नसतो आणि मग माल डोक्यावर बसतो.

मी देवगडकडचा बागायतदार, मॅनेजमेंट शिकलेलो नाही पण सप्लाय चेन म्हणजे काय ते पट्टी (व्यापाऱ्याकडून येणारा विक्रीचा हिशोब) हातात आली की कळतं. सकाळी झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) आंबा उतरवायचा, देठ ठेवून, चीक फळावर येऊ द्यायचा नाही, दुपारी वजनावर निवड, पेट्या भरायच्या, संध्याकाळी गाडी भरली की पहाटे वाशीचा घाऊक बाजार. इथपर्यंत माझ्या हातात. तिथे भाव काय मिळाला हे मला माल गेल्यावर कळतं, आणि दुसऱ्या दिवशीची तोडणी तर भाव कळायच्या आधीच चालू झालेली असते. म्हणजे किती पाठवायचं हा निर्णय रोज आंधळेपणाने. आता फोन आहे म्हणून थोडं बरं, तरी वाशीला एकाच दिवशी सगळीकडच्या गाड्या लागल्या की फोनचा काय उपयोग, माल तर निघालेला.

पोरांना हे विचारा, निर्णय कधी घ्यायला लागतो आणि माहिती कधी येते. ह्या दोघांमधलं अंतर किती, ते अंतर जितकं जास्त तितका धंद्यात मार.

पहिलंसेम

मी अशाच एका एमबीए कॉलेजात आहे, रत्नागिरीत नाही. खरं सांगू का मॅडम, आम्हाला पहिल्या तासाला पीपीटीवर ट्रान्सफॉर्मेशन प्रोसेसचा डबा दाखवला, डावीकडे इनपुट उजवीकडे आउटपुट, आणि वर्ष संपेपर्यंत तोच डबा वेगवेगळ्या रंगात येत राहिला. सुरमईच्या मागे पाठवलं असतं तर मी रोज आलो असतो 😀

उलटतपासणी

जरा वाईटपणा घेतो. मूळ सावंतवाडीचा, पुण्यात सप्लाय चेन कन्सल्टिंगमध्ये आहे आणि कॅम्पसला मुलाखती घेतो. बंदर, आंबा, सुरमई सगळं गोड आहे पण ह्या पोरांना नोकरी कुठे लागणार? पुण्याला नाहीतर मुंबईला. तिथे विचारतात एमआरपी (कुठला कच्चा माल किती आणि कधी लागेल ते काढायची पद्धत, छापील किंमत नव्हे) येतं का, सेफ्टी स्टॉक (अडीअडचणीसाठी ठेवायचा जादा साठा) काढता येतो का, एक्सेलमध्ये पिव्होट जमतो का, सॅप (कंपन्या वापरतात ते सॉफ्टवेअर) बघितलंय का. सहलीच्या गोष्टी सांगणारी पोरं माझ्यासमोर येतात, उत्साह भरपूर असतो, आणि साधं विचारलं की वर्षाला वापर चौपट झाला तर एका वेळची ऑर्डर किती पट करशील, तर छातीठोकपणे सांगतात चौपट. दुप्पट हो! वर्गमूळ आहे त्यात, चाराचं दोन. फोर्ड हॅरिस नावाच्या माणसाने १९१३ ला मांडलेलं सूत्र आहे, शंभर वर्षं उलटून गेली.

गोष्टी सांगा पण प्रत्येक गोष्टीच्या शेवटी आकडा आलाच पाहिजे, नाहीतर ते समाजशास्त्र होतं.

सागरवेळ

उलटतपासणी, मुद्दा मान्य आहे, पण आकडा आधी आणला की निम्मा वर्ग पहिल्याच दिवशी हात वर करतो, तो परत येत नाही. मला क्रम हवाय. आधी अडलेलं दिसलं पाहिजे मग सूत्र. तुम्हीच सांगा ना, एखादं असं गणित जे पोरगं सूत्र न सांगता स्वतः मांडेल?

उलटतपासणी

घ्या. उकडीचे मोदक. गणेश चतुर्थीच्या दिवशी विकायचे, सकाळी करायचे, रात्रीपर्यंत संपले नाहीत तर फेकायचे. एक मोदक करायला १५ रुपये, विकायचा ४० ला. गिऱ्हाईक १०० ते २०० मोदकांच्या मध्ये कितीही येईल, सगळ्याची शक्यता सारखी. किती करशील?

अख्खा वर्ग म्हणेल १५०, सरासरी. मग विचारा, एक मोदक कमी पडला तर किती बुडाले? २५. एक उरला तर किती बुडाले? १५. म्हणजे कमी पडणं जास्त महाग आहे, मग सरासरीपेक्षा जास्त करायला नकोत का? किती जास्त ते २५ भागिले (२५ + १५), म्हणजे ०.६२५, १०० ते २०० मध्ये त्या ठिकाणी गेलात की १६२-१६३ मोदक. आता खर्च १५ चा ३० करा. कमी पडला तर १० बुडाले, उरला तर ३०. उत्तर एकदम १२५ वर येतं. गिऱ्हाईक तेच, अंदाज तोच, आणि ऑर्डर १६३ वरून १२५. हे बघून पोरं गप्प होतात. न्यूजव्हेंडर मॉडेल म्हणतात ह्याला, पण नाव शेवटी सांगा.

हापूसवाला

ह्यात आमचं कॅनिंग (आंब्याचा रस डबाबंद करणारे कारखाने) घाला. उरलेला मोदक फेकावा लागतो पण उरलेला आंबा, डागी आंबा, बारका आंबा कॅनिंगला किलोवर जातो. भाव पडलेला असतो पण शून्य नसतो. कॅनिंगवाल्याचा दर वाढला की आम्ही निवडीत असा आंबा मोकळ्या हाताने बाजूला काढतो आणि दर पडला की तोच आंबा पेटीच्या खालच्या थरात बसतो (मी नाही हो, लोक).

उलटतपासणी

अगदी बरोबर, साल्व्हेज व्हॅल्यू. उरलेल्याला काही किंमत आली की उरण्याचा तोटा कमी, म्हणून आकडा वर सरकतो. काका तुम्ही या शिकवायला.

काजूगर

मी वेंगुर्ल्याकडे, काजूचं छोटं युनिट आहे आमचं, माहेरचं. ताई तुमच्या बीकॉमच्या पोरांना बॉटलनेक (सगळं काम जिथे अडतं ती जागा) शिकवायचा असेल तर काजू युनिटसारखी दुसरी शाळा नाही. बी वाळवायची, वाफवायची, थंड करायची, कटिंग, मग गर ड्रायरला, मग सोलणी, मग ग्रेडिंग, पॅकिंग. फळ्यावर असं लिहा, बॉयलर तासाला २०० किलो बी, कटिंग १२० किलो बी, ड्रायरमध्ये एका वेळी १२०० किलो बियांचा गर मावतो आणि ८ तास लागतात, सोलणी तासाला २० किलो गर. विचारा दिवसाचं उत्पादन कोण ठरवतं?

गंमत अशी की सगळे आकडे वेगवेगळ्या मापात आहेत. ड्रायरचे तासाला १५० होतात. सोलणीचा आकडा गरात आहे, बीमध्ये नाही, आणि ८० किलोच्या पोत्यातून साधारण २० ते २२ किलो गर निघतो, म्हणजे धरा पाव हिस्सा. तर २० किलो गर म्हणजे ८० किलो बी. सगळं एका मापात आणलं की दिसतं, २००, १२०, १५०, ८०. अडलंय सोलणीला. अर्धी पोरं इथे मापातच फसतील आणि फसू द्या, प्रत्यक्षातले मॅनेजर पण तिथेच फसतात.

आता पुढचा प्रश्न. मशीनवाला येतो आणि म्हणतो नवीन ऑटोमॅटिक कटिंग घ्या, तासाला दुप्पट. घ्यायचं का? आमच्या ओळखीच्या एका युनिटने घेतलं, कर्ज काढून. उत्पादन जिथल्या तिथे आणि सोलणीच्या बायकांपुढे न सोललेल्या गराचा ढीग मात्र वाढला. त्याला दमट हवा लागली की साल नीट सुटत नाही, परत ड्रायरला, म्हणजे ड्रायरचाही वेळ गेला. मोठ्या मशीनमुळे युनिट आणखी हळू झालं.

आणि ज्यांना फायनान्स करायचंय त्यांच्यासाठी, काजू बी येते फेब्रुवारी ते मे, फॅक्टरी चालवायची वर्षभर. म्हणजे वर्षाची बी तीन-चार महिन्यात घेऊन ठेवायची नाहीतर आफ्रिकेची आयात बी बंदरातून उचलायची, डॉलरचा भाव बघत. सगळा पैसा गोडाऊनमध्ये पोत्यांच्या रूपात आणि बँकेचं व्याज रोज चालू. आमच्याकडे नफा-तोटा ग्रेडिंग टेबलावर कमी आणि खरेदीच्या महिन्यात जास्त ठरतो. वर्किंग कॅपिटल म्हणून जो धडा ते फायनान्सच्या तासाला शिकतात ना तो आमच्या पोत्यातच आहे.

लोटेकर

काजूगर ताई _/\_ हे मी उद्या माझ्या ट्रेनींना देतो.

मुंबईगोवा६६

सगळं ठीक पण कोकणात सप्लाय चेन शिकवायची तर पहिला धडा हायवेचा पाहिजे. २०११ पासून काम चालू आहे, पोरं शाळेत गेली तेव्हापासून बघतायत, आता एमबीएला आली. लीड टाइम (काम सांगितल्यापासून हातात पडेपर्यंतचा वेळ) म्हणजे काय विचारलं तर हेच उत्तर देतील 😂

खाडीपलीकडे

झालं, हायवे आला. आता धागा शंभरी गाठणार.

सिग्नल_डाऊन

हायवे राहू दे, मी रेल्वेचं सांगतो, कोकण रेल्वेतून रिटायर झालोय. पोरांना एक प्रश्न हमखास पडतो की गाडी मधल्याच कुठल्या तरी स्टेशनात अर्धा तास का उभी आहे, पुढे तर काहीच दिसत नाही. कारण रोहा ते वीर हा दुहेरी झालेला टप्पा सोडला तर लाइन बहुतेक सगळी एकेरी. समोरून येणारी गाडी क्रॉसिंग स्टेशनात आल्याशिवाय तुम्हाला सोडताच येत नाही. स्टेशनात लूप (बाजूची जादा लाइन) आहे तिथेच दोघी एकमेकींना ओलांडणार.

आता ऑपरेशन्स. एक काउंटर आहे, लोक येण्याचा नेम नाही आणि प्रत्येकाला लागणाऱ्या वेळाचाही नेम नाही, अशा सोप्या मॉडेलमध्ये काउंटर ८०% वेळ कामात असेल तर सरासरी थांबायला लागतं एका कामाच्या वेळेच्या ४ पट. ९०% केलं तर ९ पट. ९५% ला १९ पट. ८० वरून ९५ म्हणजे काम वाढलं जेमतेम १९% नि थांबणं पावणेपाच पट. रेल्वे वेळापत्रकाने चालते म्हणून हेच आकडे तिला लागू होत नाहीत, पण वळण तेच. लाइन भरत आली की एक गाडी दहा मिनिटं लेट झाली तरी मागच्या-समोरच्या पाच गाड्यांना ते पोचतं. गणपतीत स्पेशल गाड्या घातल्या की लोक म्हणतात आणखी दोन घाला, काय फरक पडतो. फरक शेवटच्या दोन गाड्यांनीच पडतो.

सगळीकडे शंभर टक्के वापर म्हणजे कार्यक्षमता असं पुस्तकवाले आणि अकाउंटवाले दोघं सांगतात. हे आधी पोरांच्या डोक्यातून काढा. पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक का असतं, तर दरड, पाणी, म्हणून वेग मुद्दाम कमी ठेवलेला असतो. प्रवासी शिव्या घालतात पण ते ठरवून घेतलेलं ढिलेपण आहे.

आणि तिकिटांचं बघा. गणपतीचं बुकिंग उघडलं की चाकरमानी एका माणसासाठी दोन-तीन गाड्यांची, दोन-तीन तारखांची तिकिटं काढून ठेवतो, जे कन्फर्म होईल ते ठेवायचं बाकी रद्द. वेटिंग लिस्ट बघितली तर वाटावं अख्खी मुंबई कोकणात उतरणार. खरी माणसं किती आणि भीतीने काढलेली तिकिटं किती हे त्या यादीवरून कोणालाही सांगता येत नाही.

उलटतपासणी

काका, हे तुम्ही बुलव्हिप इफेक्टच्या (गिऱ्हाईकाची मागणी थोडी हलते पण साखळीत मागे मागे जावं तशा ऑर्डरी जास्त जास्त उड्या मारतात त्याच्या) चार कारणांपैकी एक सांगितलंत. ली, पद्मनाभन आणि व्हांग ह्या तिघांनी १९९७ ला मांडलेली कारणं: प्रत्येक जण आपल्याकडे आलेल्या ऑर्डरवरून नवा अंदाज बांधतो, ऑर्डर रोज न देता गठ्ठ्याने देतो, स्कीम आली की भरून घेतो, आणि टंचाईच्या भीतीने गरजेपेक्षा जास्त मागतो. प्रॉक्टर अँड गॅम्बलने डायपरच्या ऑर्डरी तपासल्या तेव्हा हेच दिसलं, बाळं बिचारी रोज तेवढीच ओली करतायत आणि ऑर्डरी मात्र वर-खाली उड्या मारतायत. शेवटच्या कारणाला कोकणातलं उदाहरण मला आजवर सुचलं नव्हतं, आता गणपतीचं वेटिंग वापरणार.

सागरवेळ ताई, दुसऱ्या आठवड्यात बिअर गेम खेळवा. एमआयटीत साठच्या दशकापासून चालू आहे, सॉफ्टवेअर लागत नाही. चार खुर्च्या, दुकानदार, होलसेलर, डिस्ट्रिब्युटर, फॅक्टरी. एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त चिठ्ठीवर ऑर्डर पाठवायची, ऑर्डर पोचायला दोन आठवडे माल यायला दोन आठवडे. गिऱ्हाईकाची मागणी आठवड्याला ४, पाचव्या आठवड्याला ती ८ होते आणि मग शेवटपर्यंत ८च राहते. एकदाच बदल. तरी फॅक्टरीच्या ऑर्डरी तिशी-चाळिशी सहज गाठतात आणि नंतर गोडाऊन तुंबतं. खेळ संपला की फॅक्टरीवाल्यांना विचारा गिऱ्हाईकाच्या मागणीचा आलेख काढा, ते लाटा काढतात. मग खरा दाखवा.

सागरवेळ

हा खेळ मी पुण्यात एका ट्रेनिंगला खेळलेय! होलसेलर होते आणि दुकानदाराच्या खुर्चीवरच्या माणसाचा भयंकर राग आला होता. बिअर मात्र कॉलेजात चालणार नाही, कोकम सरबताच्या बाटल्या करते, आणि पेट्यांच्या जागी चिंचोके.

पहिलंसेम

चिंचोके 😍

काजूगर

चिंचोके कशाला, काजूच्या बिया घ्या. अर्थात खेळ संपेपर्यंत इन्व्हेंटरी कमी भरेल.

चित्रशाळा

माका ह्या सगळा वाचून एक सांगूचा आसा. आमची गणपतीची शाळा (मूर्ती बनवायची जागा), कुडाळकडे, आजोबांपासून. आता शुद्ध मराठीत लिहितो नाहीतर घाटावरच्यांना कळायचं नाही.

आमच्याकडे गिऱ्हाईक फोनवर ऑर्डर देत नाही. तो घरचा पाट आणून देतो. त्याच पाटावर त्याचा गणपती होतो, मूर्ती तयार झाली की पाटासकट घेऊन जातो. शाळेत भिंतीला जितके पाट लागलेले तितकेच गणपती करायचे, एकही जास्त नाही. पाट आला नाही तर माती मळायला घेत नाही. पाटाच्या आकारावरून मूर्ती केवढी ते कळतं, पाट कोणाचा ते मागे लिहिलेलं असतं, वर्षानुवर्षं तीच घराणी त्यामुळे मुकुट कसला, बैठक कशी हे विचारायलाही लागत नाही. शाळेत किती काम शिल्लक आहे हे बघायला वही उघडावी लागत नाही, भिंत बघायची. चतुर्थी झाल्यावर उरलेली मूर्ती हा प्रकार आमच्या शाळेत नसतो.

माझी भाची इंजिनियर, ती म्हणाली मामा हे तर टोयोटाचं कानबान. मी म्हटलं असेल बाई.

लोटेकर

अहो असेल काय, आहेच! कानबान म्हणजे हेच की पुढच्याकडून खूण आल्याशिवाय मागच्याने काही बनवायचं नाही. टोयोटाच्या ताइची ओनोंनी अमेरिकन सुपरमार्केटवरून ती कल्पना घेतली असं सांगतात, शेल्फवरून गिऱ्हाईकाने उचललं तेवढंच परत भरायचं. फरक एवढाच की कानबानचं कार्ड फिरत राहतं, रोज तेच परत येतं, आणि तुमचा पाट वर्षातून एकदाच येतो. तुमचं मेक टू ऑर्डर, म्हणजे ऑर्डर आल्यावरच बनवणं, जास्त आहे. पण खूण ही वस्तूच असणं आणि ती भिंतीवर सगळ्यांना दिसणं, ते अगदी तेच.

पेणचा_पाहुणा

मग आमचं पेण सांगायलाच पाहिजे, माझी सासुरवाडी तिकडे. पेण, हमरापूर, जोहे ह्या पट्ट्यात बरोब्बर उलटं. पाट नाही, नाव नाही, एक गणपती गेला की पुढच्या वर्षीचं काम सुरू. सगळा स्टॉकवर धंदा. मागणी वर्षातून एका दिवसाची आणि हात मोजकेच, मग काम बारा महिन्यांवर पसरायलाच पाहिजे. त्याची किंमत म्हणजे जागा, सगळीकडे मूर्ती, माळ्यावर मूर्ती, पडवीत मूर्ती, झोपायचं कुठे, आणि अडकलेला पैसा.

पण त्यातली हुशारी बघा. बऱ्याच मूर्ती कच्च्या, म्हणजे न रंगवता, राज्यभर जातात आणि तिकडचे कारखानदार रंगवतात. पितांबर पिवळं की जांभळं, डोळे कसे, हिरे लावायचे का, यंदा कुठल्या रूपाची हवा आहे, हे सगळं शेवटच्या दोन महिन्यात आणि गिऱ्हाईकाच्या जवळ ठरतं. कच्ची मूर्ती कोणाचीही होऊ शकते. रंगवली की ती एकाचीच झाली.

उलटतपासणी

पोस्टपोनमेंट, म्हणजे शेवटचा फरक जमेल तितका उशिरा करायचा! इटलीच्या बेनेटन कंपनीचं स्वेटरचं उदाहरण जगभर शिकवतात, आधी पांढरे विणून ठेवायचे आणि यंदा कुठला रंग चालतोय ते कळलं की मग रंगवायचे. पेण सोडून आम्ही इटलीला गेलो होतो म्हणायचं.

ताई, मी आधी जे म्हटलं त्यात थोडं सुधारतो. आकडे पाहिजेतच, पण हे दोन धंदे एकाच तासात शेजारी शेजारी ठेवा, कुडाळचा पाट आणि पेणची कच्ची मूर्ती. देव तोच, दिवस तोच. आणि विचारा, दोघांनी अदलाबदल केली तर काय होईल? पेणवाला पाट मागत बसला तर? कुडाळच्या शाळेने हजार मूर्ती आधीच करून ठेवल्या तर? हा प्रश्न मी मुलाखतीत विचारला आणि पोराने नीट उत्तर दिलं तर सॅप आम्ही शिकवू.

मुंबईगोवा६६

निर्यातीचं कोणी बोललंच नाही. २०१४ च्या मे महिन्यात युरोपने आपला हापूस बंद केला होता, फळमाशी सापडत होती म्हणून, आणि उठवली ती बंदी २०१५ च्या जानेवारीत, म्हणजे अख्खा हंगाम गेल्यावर. आंबा आठ महिने थांबतो होय? एका माशीने साखळी तोडली. मग उष्णजल प्रक्रिया, पॅकहाऊस, कोणत्या बागेतला आंबा ते शोधता आलं पाहिजे, हे सगळं आलं. क्वालिटीच्या तासाला घ्या. (बघा, हायवे सोडून पण बोलतो मी.)

सागरवेळ

किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी! तर आत्ता डोक्यात असं आहे. पहिला तास काहीच न सांगता ग्रुप करून बाहेर पाठवायचं, मिरकरवाडा, स्टँड, दवाखाना, दोन रकान्यांची वही. दुसऱ्या तासाला त्या वह्या फळ्यावर आणि तिथेच लिटलचा नियम. मग काजूचं गणित, मापाच्या गोंधळासकट. मग मोदक. मग सरबताचा खेळ दोन तास सलग, त्याला प्राचार्यांकडून वेळ मागून घ्यायला लागेल. कुडाळ विरुद्ध पेण त्याच्यानंतर, तोपर्यंत पोरांकडे वाद घालायला शब्द आलेले असतील. फोर्ड, टोयोटा, हॅरिस हे जिथे जिथे अडेल तिथे येतील, वेगळं इतिहासाचं लेक्चर कापलं. एक्सेल शेवटच्या आठवड्यात नाही तर प्रत्येक गणिताबरोबर, उलटतपासणींसाठी.

एक अडचण, कॉलेज जूनच्या पुढे कधीतरी सुरू होतं आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बंदरावर पोरं काय बघणार?

लोटेकर

तेच बघू दे की. बोटी वर ओढलेल्या, बर्फाचे कारखाने थंडच, म्हणजे बंद ह्या अर्थाने 😀 लाइट बिलाचा स्थिर आकार चालू, खलाशी गावाला गेलेले, पैकी किती ऑगस्टला परत येतील माहीत नाही. दोन महिने मागणी शून्य पण कपॅसिटी जागच्या जागी. त्यांना विचारायला लावा की बर्फवाला ह्या दोन महिन्यात काय करतो, माणसं ठेवतो की सोडतो, दुरुस्ती कधी काढतो. अ‍ॅग्रिगेट प्लॅनिंगचा (मागणी वर-खाली होते तेव्हा माणसं आणि कपॅसिटी कशी जुळवायची त्याचा) अख्खा धडा आहे तो. ऑगस्ट लागला की परत न्या, तीच जागा.

हापूसवाला

आणि बागेत यायचं असेल तर एप्रिलात आणू नका हो ताई, तेव्हा कोणाला बोलायला फुरसत नसते, पोरं मधे मधे येतील आणि कामगार वैतागतील. फेब्रुवारीच्या शेवटाला या. मोहोर, कैरी सगळं झाडावर दिसतं आणि यंदा किती पेट्या निघतील ह्याचा अंदाज आम्ही तेव्हाच बांधत असतो. प्रत्येक पोराला अंदाज कागदावर लिहायला लावा, खाली सही, कागद माझ्याकडे ठेवून जा. मे संपला की आकडे पाठवतो.

चित्रशाळा

आमच्याकडे नागपंचमीच्या सुमारास येवा, पाट येवक लागतत तेव्हा. फक्त पोरांका सांगा, ओल्या मूर्तीक हात लावचो नाय.